अनुभव धागा: गाडी सुरूच होत नाही तेव्हा...

आज सकाळी साडेसहाला खालच्या पार्किंगमधून आवाज आला, कट्-कट्-कट्-कट्. चहा गाळता गाळता हात थांबला. शेजारचे भाऊ सेल्फ मारत होते आणि मला एकदम बाबा आठवले. पावसाळ्यात आमच्या पहिल्या गाडीची रोज हीच रडगाणी. बाबा बॉनेट उघडायच्या आधी सगळ्यांना "श्शू, गप्प बसा" करायचे, आईला चावी फिरवायला लावायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. कट्-कट्-कट् अशी माळ लागली तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचा वायरचा जोड, ढिलं. एकच 'ठक्' आणि दिवे लख्ख, तर सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरचा लोचा. इंजिन घर्रघर्र जोरात फिरतंय पण पकडत नाही? मग बॅटरीच्या वाटेला जायचं नाही, पेट्रोल नाहीतर ठिणगी शोधायची. आईला गाडी येत नव्हती, चावी फिरवण्यापुरतीच ती ड्रायव्हर.

लिहा तुमचे किस्से. डबे भरून येते.

डिझेलदादा: टर्मिनल, टर्मिनल, टर्मिनल! नाशिकला मित्राच्या लग्नात पाठवणीच्या वेळी गाडी ढिम्म. नवरी आत बसलेली, रडून झालेली. बॅटरीवर पांढरी-हिरवी बुरशी. आचाऱ्याकडून गरम पाणी आणि खायचा सोडा आणला, ओतला, फस्सकन फेस आला. पुसून आवळलं, एका सेल्फमध्ये चालू. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हे तेव्हा कुणाला माहीत! प्लसवरचा पाना बॉडीला टेकला आणि ही ठिणगी उडाली. वरमाई अजून ऐकवते.

खर्डाभाकर: उरलेल्या सोड्याची भजी केली का 😄

चिऊताई_ठाणे: आमच्याकडे उंदीर. गाडी फिरायची मस्त, पकडायची नाही. इंजेक्टरची वायर कुरतडलेली, वर कापसाचं घरटं. आता बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या टांगल्यात. गाडीला पानटपरीचा वास येतो आणि सासरे माझ्या नवऱ्याकडे संशयाने बघतात.

डिझेलदादा: डांबराच्या गोळ्या ठेवून बघा.

चिऊताई_ठाणे: ठेवल्या होत्या. त्या पण पळवल्या मेल्यांनी.

रंकाळ्यावरचा: ठक् वाली केस आपली. फिटर आला, म्हणला आत बसा, मी सांगितलं की चावी फिरवा. खाली झोपून सेल्फमोटरला पान्याच्या दांड्यानं दोन टपल्या हाणल्या, लागली की गाडी! आत कार्बन झिजल्यात म्हणला, टपलीनं चार दिवस चालंल. चार दिवस म्हणजे चारच दिवस चालली बघा.

मनीमाऊ: कलिना, २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी झाला तो दिवस. गाडीत सीटपर्यंत पाणी. दोन दिवसांनी नवरा चावी घेऊन निघाला, तर खालच्या टॅक्सीवाल्या चाचांनी हातच धरला. सेल्फ मारू नकोस बेटा. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो. त्यांनी सिलिंडरवरचे स्पार्क प्लग काढले, मग फिरवलं, तर पिचकारी उडाली चाचांच्या बनियनवर! काळं पाणी. इंजिन वाचलं, सीटचा वास मात्र विकेपर्यंत गेला नाही.

अर्धाकप: मी लिहू का नको... नवी गाडी, आवाजच नाही, काहीच नाही. मेकॅनिकला बोलावलं. तो बसला, क्लच दाबला, चावी फिरवली. सुरू. म्हणाला ताई हिला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पैसे घेतले नाहीत त्याने, ते जास्त लागलं.

खर्डाभाकर: 😂😂 माझ्या साडूने ऑटोमॅटिक डी मध्ये ठेवून अर्धा तास घाम गाळलाय.

बर्फातलाबोका: इथे कॅनडात एडमंटनला गाड्यांच्या नाकातून वायर लोंबते. रात्री इंजिनचा हीटर प्लगला लावायचा. उणे १८ ला बॅटरीत निम्माच दम उरतो आणि ऑइल होतं काकवीसारखं. आई सांगलीहून आली तर म्हणाली, गाडी चार्जिंगला लावलीस होय?

वाईकर: आमचं उलट. खंबाटकी घाट, मे महिना, कार्ब्युरेटरचा जमाना. थांबलो, परत सुरूच होईना. मामांनी पंचा ओला करून फ्युएल पंपावर घातला. पेट्रोलची वाफ धरते पाइपात. आत्या म्हणाली, तापलीय ती, मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवा. वीस मिनिटांत सुरू. तेवढ्यात आम्ही पोरांनी नातेवाइकांसाठी घेतलेले कंदी पेढे संपवले.

मनीमाऊ: साताऱ्याचे? कुठून घेता? आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय.

वाईकर: व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खर्डाभाकर: व्यनि कशाला, आम्ही काय पाप केलंय.

अर्धाकप: ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट चालतो का हो?

डिझेलदादा: नाही. जंप केबल ठेवा गाडीत. लाल-लाल प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीच्या डोक्यावर ठिणगी नको.

धागाकर्ती: आले. हसून डबे थंड केले तुम्ही. भाऊंकडे मीटर निघाला! नुसती १२.४ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारला की धाडकन ७. टर्मिनल घासून आवळून झाली, तरी तेच. बॅटरी पाच वर्षांची. मी म्हटलं बदला आता. तर म्हणतात, पगार होईपर्यंत ढकलू. आणि बघितलं आमच्या ह्यांच्याकडे.

रंकाळ्यावरचा: दुसऱ्या गिअरात टाकायला सांगा, दाजींना कमी जोर लागंल.