मिशनचा कॉल आलाय, जर्मनी, २४ महिने. रोजचा दिवस खरंच कसा असतो?

घुमा_मुलगा

नमस्कार. मी १९ वर्षांचा. गेल्या आठवड्यात चर्चकडून (लेटर-डे सेंट्स, लोक मॉर्मन म्हणतात तेच) मिशनचा कॉल आला, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराला जायचं बोलावणं. बर्लिन मिशन. देश आपण निवडत नाही, ईमेल उघडल्यावरच कळतो, हे ठाऊक होतं. तरी स्क्रीनवर नाव वाचलं आणि पोटात गोळा आला. घरचे खूश आहेत. वॉर्डात, म्हणजे आमच्या स्थानिक मंडळीत, सगळ्यांना सांगून झालंय. मीही हसून हात मिळवतोय.

जाऊन आलेल्या प्रत्येकाकडून एकच ऐकतो, 'आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन वर्षं.' बरं, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही नेमकं काय करत होतात? ते कोणी सांगत नाही. मी मुळात घुमा. कुणाला रस्ता विचारायचा तरी आधी मनात वाक्य जुळवतो, आणि तिथे जर्मनमध्ये लोकांच्या बेल वाजवायच्यात. कंपॅनियनशी, म्हणजे सोबत दिलेल्या जोडीदार मिशनरीशी, पटलं नाही तर काय करतात? आणि एक गोष्ट बिशपना, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखांना, विचारायची राहिली, किंवा मीच टाळली. माझी श्रद्धा आहे, पण बाकीच्यांसारखी ठाम नाही. तिथे जाऊन बोलणं म्हणजे खोटं बोलणं होईल का?

काळी_नेमप्लेट

मी २०१६ ते २०१८ बर्लिन मिशनमध्येच होतो, त्यातले आठ महिने सॅक्सनीत. तुझा मंगळवार-दुपार-तीनचा प्रश्न आवडला, तर तिथूनच सुरू करतो.

जानेवारी. अकरा मजली इमारत, पूर्व जर्मनीच्या काळातली, अख्ख्या रांगेत तशाच सहा. आत शिरता येत नाही. बाहेर दाराशेजारी पत्र्याची पाटी, तिच्यावर बेलची बटणं आणि प्रत्येक बटणासमोर आडनाव. चौकोन एवढासा की हातमोजा घालून दाबलं तर दोन बेल एकदम वाजतात. म्हणून उजवा मोजा काढायचा. बटण दाबायचं आणि थांबायचं. जाळीतून खरखर येते, मग 'या?', म्हणजे जर्मनमध्ये 'हो?'. त्या एका 'या'वर तुझ्याकडे फार तर पाच सेकंद असतात. तू सुरुवात करतोस, 'गुटन टाग, आम्ही...' आणि खट्. पुढचं बटण. माझा सगळ्यात वाईट दिवस कुणी शिवी दिली तो नव्हता. एका पाटीवरची सगळी बटणं संपली आणि एकदाही 'या?' आलं नाही, तो होता. चारच्या पुढे अंधार पडतो. त्यानंतर बेल वाजवली की लोक दचकतात, म्हणून मग चौकात ट्रामच्या थांब्यावर उभं राहून बोलायचं.

तिथली बहुसंख्य माणसं कुठल्याच चर्चची नाहीत. रागावतही नाहीत. त्यांच्या लेखी तू पाणबुड्या विकत असल्यासारखा, त्यांना नकोत एवढंच. दार आपटण्याची धास्ती घेऊन गेलो होतो, ते फारसं झालंच नाही. या थंडपणाची तयारी मात्र कुणी करून घेतली नव्हती.

बाकी वेळापत्रक तुला माहीतच असेल. साडेसहाला उठणं, व्यायाम, मग वाचन, कंपॅनियनबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास, मग बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, साडेदहाला दिवे बंद. सोमवारी पी-डे, म्हणजे कपडे धुणं, सामान आणणं, घरी ईमेल. माझ्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. मी २०१८ मध्ये परतलो. माझं नशीब.

भाषेचं सांगतो. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण. माझ्याबरोबरच्या इंग्रजीवाल्या पोरांचं यात डोकं फिरायचं. मला वाटलं, आपण मराठी, आपल्याला तू-तुम्ही-आपण जन्मापासून येतं. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या एका ऐंशीच्या आजींकडे गेलो आणि त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी इतका घाबरलो होतो की देवाला 'झी' म्हणालो. म्हणजे 'हे स्वर्गातील पित्या, आम्ही आपले आभारी आहोत, आपण कृपया...' एखाद्या कचेरीत अर्ज द्यावा तसं. आमेन झाल्यावर आजींना म्हणालो, 'तू बरी आहेस ना?' त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. 'देवाला झी आणि मला डू. निदान आमच्यात मोठं कोण ते तरी एकदा ठरव.' लाज या गोष्टीची वाटली की मराठीतही आपण देवाला तूच म्हणतो. मला हे दुसऱ्या कुणाआधी कळायला हवं होतं.

त्याच आजींनी सांगितलं की पूर्व जर्मनीच्या चाळीस वर्षांच्या राजवटीत परदेशी मिशनरी कसे असतात हे तिथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंच नव्हतं. फ्रायबर्गचं आमच्या चर्चचं मंदिर १९८५ मध्ये झालं, बर्लिनची भिंत उभी असताना. परदेशी मिशनरी मात्र १९८९ च्या वसंतात आले, म्हणजे भिंत पडायच्या काही महिने आधी. मिशनरी नसताना यांनी आपापसातच सगळं धरून ठेवलं होतं. आणि मी तिथे जाऊन त्यांना धडा पहिला सांगणार! त्या दिवसापासून आजींकडे गेलो की मी कमी बोलायचो.

आता कंपॅनियन. हे नीट वाच, कारण मिशन अवघड असतं ते बहुतेक इथे. नियम असा की कंपॅनियन कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. दोन वर्षांत मी एकटा असायचो तो बाथरूममध्ये. तुझ्यासारख्या घुम्याला हे बेलपेक्षा जड जाईल. आणि गंमत म्हणजे एवढं चिकटून राहूनही माणूस एकटा पडतो.

माझा दुसरा कंपॅनियन माझ्यापुढे दहा पावलं चालायचा. रोज. खोली एक, दोन टेबलांच्या मधे कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर दहा पांढरे शर्ट. त्यांच्या आडून आम्ही बोलायचो, तेही कामापुरतं. आठवड्याला 'कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी' असते, समोरासमोर बसून काय खटकतंय ते सांगायचं. आमची चार मिनिटांत उरकायची. 'सगळं ठीक?' 'सगळं ठीक.' मग मी बाहेर पडून त्याची पाठ बघत चालायचो आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो, मराठीत. ट्रान्सफर, म्हणजे कंपॅनियन किंवा गाव बदलायची वेळ, सहा आठवड्यांनी येते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजत होतो.

पाचव्या आठवड्यात बर्फाचं पाणी होऊन रस्त्यावर चिखल झाला होता, त्यात माझा पाय घसरला. तो पुढे निघून गेला आणि कोपऱ्यावरून परत आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, 'तू पुढे का पळतोस?' तो म्हणाला, 'थांबलो तर मी बेल दाबणार नाही. पाय थांबले की मला घरी जावंसं वाटतं.' माझी समजूत होती की त्याला माझी लाज वाटते. पाच आठवडे! त्यानंतर आम्ही मित्र झालो असं नाही. पण तो शेजारून चालायला लागला आणि पहिली बेल मी दाबायची असं ठरलं.

श्रद्धेबद्दल. आपल्या श्रद्धेची साक्ष देताना सगळे 'मला माहीत आहे' म्हणतात, जर्मनमध्ये 'इश वाइस'. ते माझ्या तोंडून निघेना. मी 'इश ग्लाउबे' म्हणायचो, मी मानतो. कुणी हटकलं नाही. उलट दारातली माणसं त्यावर जास्त बोलायची. जेवढं आहे तेवढंच बोल, मग खोट्याचा प्रश्न येत नाही.

कशाला_उगाच

वाचायला छान आहे, पण मुळात दुसऱ्याच्या घराची बेल वाजवून आपला धर्म सांगायचाच कशाला? ज्याला हवं तो शोधत येईल. आणि १९ वर्षांच्या मुलाला दोन वर्षं कॉलेज सोडून, वर घरच्यांनी खर्च करून पाठवायचं?

काळी_नेमप्लेट

प्रश्न रास्त आहे. बेल वाजवणं मलाही शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांचं मत आहे की त्यातून हाती फारसं लागत नाही. ओळखीतून, भाषेच्या मोफत वर्गातून, कुणाचं सामान हलवायला मदत करताना जे बोलणं होतं ते खरं. काही देशांत हे कायद्यानेच बंद आहे. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर आमची पोरं 'स्वयंसेवक' म्हणून जायची, रस्त्यावर धर्माबद्दल बोलायची नाहीत.

खर्च आम्हीच करतो, हेही खरं. अमेरिकेसारख्या देशांतून जाणाऱ्यांची मासिक रक्कम २०२० मध्ये ४०० वरून ५०० डॉलर झाली. स्वस्त देशात पाठवा की महागड्या, आकडा तोच. मी आधी दीड वर्ष काम करून साठवले होते. कुणी ढकललं नव्हतं. ज्यांना ढकललं होतं ते ओळखू यायचे, आणि त्यांच्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

निसरडे_दगड

मी सिस्टर, म्हणजे मुलगी मिशनरी, म्हणून पोर्तुगालला होते. १८ महिन्यांचं मिशन, सात महिन्यांत परत आले. धाग्यावर हेही असावं म्हणून लिहितेय.

लिस्बनच्या चढउतारांवर पांढऱ्या दगडांची फरसबंदी असते. पाऊस पडला की ती साबणासारखी होते. पण मी पडले ती तिथे नाही. चौथ्या महिन्यापासून झोप गेली. साडेदहाला दिवे बंद व्हायचे आणि मी छताकडे बघत साडेसहाची वाट बघायचे. सकाळी हात थरथरायचे. मला वाटायचं, माझीच प्रार्थना कमी पडतेय, म्हणून आणखी पहाटे उठायला लागले. म्हणजे जी काही तासभर झोप लागायची तीही घालवली. कंपॅनियन माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, तिला काय कळणार. शेवटी तिनेच मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखांना, फोन केला. मी तिच्यावर चिडले होते. आज तिचे आभार मानते.

परत आल्यावर जे झालं ते त्याहून वाईट. विमानतळावर नेहमी फलक घेऊन माणसं येतात, मला घ्यायला दोघंच आली. वॉर्डात लोक 'बरी आहेस ना' विचारायचे आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघायचे. एका मोठ्या माणसाने विचारलं, 'मग परत कधी जाणार?' मला ताप आला होता आणि तो उतरला, असं काहीसं त्यांच्या डोक्यात असावं.

घुम्या, तुला घाबरवत नाहीये. दोन गोष्टी. मेडिकल फॉर्ममध्ये आधीचं काही असेल तर लपवू नकोस, मी लपवलं होतं. आणि झोप सलग आठवडाभर गेली तर त्याच आठवड्यात सांग. मिशनकडे समुपदेशक असतात, ते मला सहाव्या महिन्यात कळलं.

सोमवारची_आई

माझा मुलगा सध्या मिशनवर आहे, अकरावा महिना. मी एकच लिहिते. सोमवारच्या फोनवर मी पहिले तीन महिने 'जेवलास का, बारीक झालास का' एवढंच विचारत होते आणि तो 'हो, नाही, मस्त' म्हणत होता. मग एकदा मी सहज विचारलं, 'आज कपडे कुठे धुतलेस?' तर वीस मिनिटं बोलला. मशीन बंद पडलेलं, शेजारच्या आजोबांनी आपल्याकडे धुऊ दिलं, वगैरे. तुझ्या आईला हे वाचायला दे.

घुमा_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला दहावीच्या वर्षी झोपेचा असाच त्रास झाला होता. फॉर्ममध्ये 'काही नाही' लिहिलं होतं. उद्या बिशपना फोन करतो, निघायच्या आधीच कळवलेलं बरं.

दादा, दोन छोटे प्रश्न. बुटांचे किती जोड नेऊ? आणि त्या आजी?

काळी_नेमप्लेट

फोन उद्याच कर, टाळू नकोस. त्याने कॉल रद्द होतोच असं समजू नकोस. कदाचित डॉक्टरांचं पत्र मागतील, तारीख थोडी पुढे जाऊ शकते.

दोन जोड, आलटून पालटून, म्हणजे ओला जोड दिवसभर वाळतो. टाच बदलून मिळणारे घे. चिकटवलेल्या तळव्याचे घेऊ नकोस, पहिल्या हिवाळ्यातच तोंड उघडतात. आणि उजव्या हाताचा मोजा असा घे की दातांनी ओढून काढता येईल.

आजी आहेत, आता नव्वदीला टेकल्यात. माझ्या शेवटच्या ट्रान्सफरच्या दिवशी त्यांनी मला रीतसर सांगितलं की आता तू मला 'डू' म्हणू शकतोस. तिकडे हे मोठ्याने सांगायचं असतं, लहानाने आपणहून सुरू करायचं नसतं. मी हो म्हटलं. अजून दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो आणि त्यावर 'झी'च लिहितो. त्या दरवेळी उत्तरात तो शब्द लाल पेनाने खोडून पाठवतात.