ठाणे : मुलींच्या कॅथलिक शाळेचं वर्ष बंद करताना कामांचा क्रम कसा लावावा?

नवीन_प्रभारी
नमस्कार. ठाण्यातली राज्य मंडळाची इंग्रजी माध्यमाची मुलींची शाळा आहे. पहिली ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या. कार्यालयात कारकून एकच. मुख्य सिस्टरांची मेमध्ये बदली होण्याची शक्यता आहे, त्यामुळे एप्रिल 2026 चं वेळापत्रक आत्ताच कागदावर हवं आहे. आभाराची मिस्सा (कॅथलिक उपासना) कोणत्या आठवड्यात ठेवावी? निकालपत्रक, जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रत्येक मुलीची मूळ नोंदवही) आणि यू-डायस (विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) यांत आधी काय उरकावं? आणि जूनमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी जी झुंबड उडते ती कशी टाळता येईल? निम्म्याहून जास्त मुली कॅथलिक नाहीत, हेही लक्षात घ्यावं.

जुनी_सुपरवायझर
ताई, 1 मेपासून मागे मोजत या. यंदा 1 मे शुक्रवारी आहे. सकाळी 8 ला ध्वजवंदन, मग वर्गावर्गात प्रगतिपुस्तकं. त्याच दिवशी श्रमिक संत जोसेफ यांचा सणही असतो, तेव्हा मुलींच्या प्रार्थनेत त्याचा उल्लेख जरूर ठेवा. प्रगतिपुस्तकांवर मुख्याध्यापिकांच्या सह्या 28 एप्रिलपर्यंत, म्हणजे निकालपत्रक 24 पर्यंत तपासून तयार, आणि शेवटचा पेपर त्याआधी निदान पाच कामाचे दिवस. यात 14 एप्रिलची सुट्टी धरायला विसरू नका.

निकालपत्रक वर्गशिक्षिकेने स्वतः तपासू नये. शेजारच्या तुकडीच्या बाईंनी मोठ्याने वाचायचं आणि वर्गशिक्षिकेने उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून पडताळायचं. चुका नेहमीच्याच असतात. आकारिक (वर्षभराचं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन यांचं प्रमाण इयत्तेप्रमाणे बदलतं : पहिली-दुसरी 70:30, तिसरी-चौथी 60:40, पाचवी-सहावी 50:50, सातवी-आठवी 40:60. गेल्या वर्षी चौथीला असलेल्या बाई यंदा पाचवी घेत असतील तर जुनीच एक्सेल फाइल वापरली जाते आणि सगळ्या वर्गाच्या श्रेणी चुकतात. दुसरी चूक सीमेवरच्या गुणांची. 80 म्हणजे अ-2 नव्हे, ब-1. अ-2 ची सुरुवात 81 पासून. तिसरी कामाच्या दिवसांची. एकाच शाळेत अ तुकडीच्या प्रगतिपुस्तकावर एक आकडा आणि ब तुकडीच्या दुसरा, हे फार वाईट दिसतं. एकूण दिवस कार्यालयाने ठरवून एका चिठ्ठीवर सगळ्यांना द्यावेत, कॅटलॉगमधून (हजेरीपटातून) प्रत्येकीने आपापले मोजू नयेत.

वेदी_आणि_गायनवृंद
मिस्सेच्या तारखेबद्दल. ईस्टर 2025 मध्ये 20 एप्रिलला होता, 2026 मध्ये 5 एप्रिलला आहे, 2027 मध्ये 28 मार्चला येईल. म्हणून गेल्या वर्षीची तारीख तशीच उचलू नका. यंदा मार्चमध्ये ठेवलीत तर उपवासकाळ (ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ) : फादरांची जांभळी वस्त्रं, वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’ आणि ‘ग्लोरिया’ ही आनंदाची स्तुतिगीतं नाहीत. मुलींनी वर्षभर बसवलेली निम्मी गाणी बाजूला पडतात. 29 मार्चपासून पवित्र सप्ताह. 5 ते 12 एप्रिल हा ईस्टरचा अष्टक, म्हणजे सणाचे आठ दिवस. त्यात त्या त्या दिवसाचीच मिस्सा होते, आभाराची वेगळी प्रार्थना आणि वाचनं घेता येत नाहीत. तेव्हा 13 एप्रिलनंतरचा परीक्षेला धक्का न लावणारा दिवस फादरांना आत्ताच कळवा. पांढरी वस्त्रं, फुलं, आलेलुया, सगळं मिळतं.

कॅथलिक नसलेल्या मुलींसाठी मिस्सा सक्तीची ठेवू नका. ती चॅपेलमध्ये किंवा चर्चमध्ये, आणि हॉलमध्ये सगळ्यांसाठी वीस-पंचवीस मिनिटांची आभाराची प्रार्थना वेगळी : मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकेक वाचन, शिपाईमावशी आणि सफाईच्या ताईंची नावं घेऊन आभार. ही प्रार्थना दुपारी ठेवू नका. एप्रिलअखेर ठाण्यात पत्र्याच्या छताखाली मुलींना भोवळ येते. 8 च्या आत उरकून घ्या.

कार्यालय_कोपरखैरणे
दाखल्यांची झुंबड खरं तर एप्रिलमध्येच थांबवता येते. जूनमध्ये जो गोंधळ दिसतो तो नावांचा असतो. आपल्या शाळांत तो जास्त, कारण जनरल रजिस्टरमध्ये मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पुढे आणखी एक नाव असतं. आधारवर फक्त नाव आणि आडनाव. ‘डिसोझा’ एकीकडे जोडून, एकीकडे तोडून. नाव जुळलं नाही की अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) अडतो. म्हणून 10 एप्रिलपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षिकेला आपल्या वर्गाची जनरल रजिस्टरमधली यादी छापून द्या, आईवडिलांची सही घ्या. मुलगी शाळेत असेपर्यंत पुराव्यासह शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. एकदा दाखला हातात पडला की तेच काम फार अवघड होऊन बसतं.

क्रम असा ठेवा : निकालपत्रकावर सही, मग जनरल रजिस्टर, मग यू-डायस, मग दाखला. यू-डायसच्या प्रोग्रेशनमध्ये (पुढच्या वर्गात नेण्याच्या नोंदीत) प्रत्येक मुलीची बढती, टक्के, हजर दिवस आणि ती याच शाळेत की दाखला घेऊन गेली, एवढं भरावं लागतं. घाईत सगळ्यांना ‘याच शाळेत’ लावलं की गेलेली मुलगी ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या ऑनलाइन यादीत) दिसत नाही, नव्या शाळेला ती ओढून घेता येत नाही आणि पालक पुन्हा तुमच्याच खिडकीवर येतात.

दाखल्यावर जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, दोन्हीकडे रजिस्टरप्रमाणेच. धर्म-जातीच्या रकान्यात पालक तोंडी काहीही सांगोत, रजिस्टरमध्ये आहे तेवढंच लिहा. खाडाखोड झाली तर तो दाखला रद्द करून पुस्तकातच चिकटवा, फाडू नका. दहावीच्या मुलींचे दाखले मात्र गुणपत्रिका आल्यावरच, कारण बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष त्यावर येतं. अकरावीच्या प्रवेशासाठी मूळ दाखला लागतो, तेव्हा मेच्या सुट्टीतही कार्यालय आठवड्याचे ठरावीक दिवस उघडं हवं. त्याची पाटी फाटकावर लावा.

नवीन_प्रभारी
खूप उपयोगी. पाचवी आणि आठवीत एखादी मुलगी कमी पडली तर तिला 1 मेला काय द्यायचं?

जुनी_सुपरवायझर
2023-24 पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. प्रत्येक विषयात पाचवीला 50 पैकी 18, आठवीला 60 पैकी 21 लागतात. कमी पडल्यास जूनमध्ये पुनर्परीक्षा, तीही गेली तर मुलगी त्याच वर्गात. पुनर्परीक्षा होईपर्यंत त्या मुलीची यू-डायसमधली नोंद पक्की करू नका.

आणि 1 मेला वर्गात सगळ्यांसमोर हे तिला कळता कामा नये. 29 एप्रिलला आईवडिलांना बोलावून उत्तरपत्रिका दाखवा, कोणते धडे करून घ्यायचे ते लिहून द्या, पुनर्परीक्षेची तारीख त्याच कागदावर. अकरा वर्षांची पोर हातात प्रगतिपुस्तक नसताना मैत्रिणींच्या घोळक्यातून फाटकापर्यंत कशी चालत जाते, ते कुठल्याही शाळेने घडू देऊ नये.

कार्यालय_कोपरखैरणे
सिस्टरांची बदली होणार असेल तर कार्यभाराची यादी 25 एप्रिललाच करा. शालार्थ (पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायसचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? बहुधा जाणाऱ्या सिस्टरांच्याच. तो क्रमांक त्या इथे असतानाच बदलून घ्या. बँकेतल्या सह्या आणि पगारबिलावरच्या सहीची मान्यता याला वेळ लागतो, तो ठराव व्यवस्थापनाकडून आधीच मागवा. नाहीतर जूनचा पगार अडकतो.

कपाटं लावताना जनरल रजिस्टर तळमजल्यावर खालच्या खणात नको. पाऊस आपल्याकडे शाळा उघडायच्या आधी येतो. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी धरते, त्यांच्या डब्यात सिलिका जेल ठेवा. कीबोर्ड, माइक आणि भिंतीवरच्या घड्याळांतले सेल काढा. सॅनिटरी पॅडच्या मशीनमधले पॅड आणि नाणी काढून मशीन बंद करा, जाळायच्या यंत्रातली राख साफ करा. सुट्टीत याकडे कोणाचंच लक्ष जात नाही आणि जूनच्या पहिल्याच दिवशी मुलींची अडचण होते.