लाकूड फोडायच्या हायड्रॉलिक यंत्राची देखभाल: टाकीतले तेल पांढरट झाले आहे

रानवाट (व्हरमाँट)

नमस्कार. आमचे घर मुख्यतः लाकडाच्या स्टोव्हवर तापते आणि एका हिवाळ्याला साधारण ४ कॉर्ड सरपण लागते. (एक कॉर्ड म्हणजे रचून ठेवलेली १२८ घनफूट लाकडे.) त्यासाठी दोन वर्षांपूर्वी पेट्रोल इंजिनाचे, जुने हायड्रॉलिक यंत्र घेतले, त्यासोबत माहितीपुस्तिका मिळाली नाही. इंजिनाचे तेल मी दर हंगामात बदलते आणि पाचर ज्या तुळईवर पुढेमागे सरकते तिला ग्रीस लावते, पण हायड्रॉलिक तेल कधीच बदललेले नाही, कारण विकणाऱ्याने ते बदलावे लागत नाही असे सांगितले होते.

यंदा पहिल्याच दिवशी मॅपलचे गाठाळ ओंडके फोडताना पाचर ढकलणारा दट्ट्या धक्के खात पुढे जाऊ लागला आणि पंपातून किरकिर ऐकू येऊ लागली. टाकीचे झाकण उघडून पाहिले, तर तेल ताकासारखे पांढरट दिसले. हे पाणी आहे की आणखी काही? आणि वर्षभरात नेमके काय काय करायला हवे होते?

जुनाकारागीर (भोसरी)

मी अनेक वर्षे प्रेस आणि टिपरचे सिलिंडर दुरुस्त करतो. लाकूड फोडायचे यंत्र मी हाताळलेले नाही, पण पंप, झडप आणि सिलिंडर यांचे वागणे सगळीकडे सारखेच असते.

आधी पारख करा. टाकीतले थोडे तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी ते नितळ झाले तर त्यात हवा मिसळत होती. तसेच गढूळ राहिले किंवा तळाशी पाणी साचले तर पाणी शिरले आहे. आमच्याकडे याची आणखी एक खूण आहे. तव्यावर त्या तेलाचा एकच थेंब टाकायचा. पाणी असेल तर थेंब तडतडतो. मात्र हे घराबाहेर, विजेच्या शेगडीवर, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच करावे.

तुम्ही सांगितलेल्या किरकिरीवरून मला हवेचा संशय जास्त येतो. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत दाब नसतो, उलट पंप तिथून तेल ओढत असतो. त्यामुळे तिथला क्लॅम्प सैल असला किंवा नळीला चीर गेली असली, तर तेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत जाते आणि जमिनीवर डाग दिसत नाही म्हणून माणूस फसतो. टाकीतली पातळी कमी असली किंवा आतली गाळणी तुंबली असली, तरी पंपाची हीच तक्रार असते. अशा अवस्थेत यंत्र चालवत राहिलात, तर पंपाचे गिअर आतून खाल्ले जातात.

तेल बदलावे लागत नाही, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. हे तेल दाब वाहून नेते, तसेच पंपाला वंगण पुरवते आणि उष्णताही बाहेर नेते. त्यात धूळ आणि धातूचा कीस फिरत राहिला, तर आधी पंप आणि झडप झिजतात, मग सिलिंडरची सील जातात.

मॅपलपान (ओंटारियो)

माझ्याकडे अशाच प्रकारचे यंत्र आहे, त्यामुळे वरील उत्तराला थोडी भर घालतो. आपल्याकडच्या थंडीत आयएसओ ३२ दर्जाचे हायड्रॉलिक तेल बरे (हा आकडा तेलाचा घट्टपणा सांगतो). ४६ उन्हाळ्यात चालते, पण गोठत्या सकाळी इतके घट्ट होते की पंपाला ते ओढवत नाही. अर्थात पंपावर उत्पादकाने लिहिलेली सूचना असेल तर तीच पाळावी. तेल टाकीत परत आणणाऱ्या नळीवरचा फिल्टर मी दर हंगामात बदलतो.

पातळी नेहमी दट्ट्या पूर्ण मागे घेऊन पाहावी. दट्ट्या पुढे असताना सिलिंडरमध्ये जास्त तेल असते. तेव्हा टाकी काठोकाठ भरलीत, तर तो मागे येताच जादा तेल झाकणातून उसळते. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि अंगणातला बर्फ तेलकट करून ठेवला. तेल बदलल्यावर इंजिन मंद ठेवून दट्ट्या सात-आठ वेळा पूर्ण पुढेमागे करावा, म्हणजे अडकलेली हवा निघते, आणि मग पातळी पुन्हा पाहावी.

गाठ आली की दट्ट्या एकदम मंदावतो, तो मात्र बिघाड नव्हे. अशा यंत्रांच्या पंपात बहुधा गिअरचे दोन संच असतात. विरोध वाढला की मोठा संच मोकळा होतो आणि लहान संच कमी तेल पण जास्त दाबाने पुढे ढकलतो.

हंगाम संपल्यावर यंत्र दट्ट्या मागे घेऊनच ठेवावे, कारण सिलिंडरबाहेर उघड्या राहिलेल्या रॉडला गंज चढला की तोच गंज पुढच्या वर्षी सील ओरबाडतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. इंजिन आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगमधला रबरी तुकडाही एकदा पाहून घ्या. तो तुटला की इंजिन फिरते, पंप फिरत नाही.

परिचारिका_मिनेसोटा

नळी तपासायची आहे म्हणून कळकळीने लिहिते: गळती हाताने चाचपून शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखालचे तेल हातमोज्यातूनही कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, तरीही तिला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. संरक्षक चष्मा लावून, लांबून पुठ्ठा धरून, त्यावर तेलाचा डाग पडतो का ते पाहून गळती शोधा. कुठलीही नळी सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून दट्ट्या पुढेमागे करायचा दांडा दोन्ही दिशांना हलवा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.

रानवाट (व्हरमाँट)

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीतले तेल सकाळी वर नितळ होते, पण तळाशी करंगळीच्या पेराएवढे पाणी होते. म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही. टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर कडक होऊन तडकला होता आणि यंत्र पावसात उघडेच असायचे. पंपाकडे जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प हाताने फिरण्याइतका सैल निघाला. टाकी रिकामी करून पुसली, गाळणी धुतली, वॉशर, क्लॅम्प आणि फिल्टर नवे बसवले आणि ३२ दर्जाचे तेल भरले. आज अर्धी कॉर्ड फोडली. किरकिर थांबली आहे, पण तेलात अजून किंचित धुरकटपणा दिसतो. सिलिंडरमध्ये उरलेले जुने तेल मिसळले असावे असे वाटते. हेही तेल आणखी एकदा बदलावे का?

जुनाकारागीर (भोसरी)

होय. हा हंगाम संपण्याची वाट पाहू नका. दहा-बारा तास काम झाल्यावर, तेल गरम असतानाच काढा, म्हणजे तळाचे पाणी आणि गाळही त्याच्याबरोबर निघेल.