भांगाला (छोट्या भरती-ओहोटीच्या दिवसांत) जिताडा मासा कुठे जातो? मदत हवी आहे

बेलापूरच्या खाडीत दोन वर्षं गळ टाकतोय. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) ओहोटी लागली की खारफुटीतून पाणी उतरतं, त्या तोंडाशी जिताडा जिवंत कोळंबीवर झडप घालतो. भांगाला मात्र पाणी मंद आणि दिवस रिकामा. तेव्हा तो खातच नाही, की खोल जाऊन बसतो? गढूळ पाण्यात मासा पार्श्वरेषेनं, म्हणजे अंगाच्या बाजूवरच्या संवेदनशील रेषेनं हालचाल टिपतो, मग आमिष सतत हलतं ठेवावं का?

आणखी एक. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे आपण मिरवतो ते मोठे मासे बहुतेक माद्याच! त्या मला सोडायच्या आहेत. कल्ल्यांना धक्का न लावता गरी (गळाचा आकडा) कशी काढता? बेलापूरच्या दिवाळे गावातल्या जाणत्या कोळीदादांनी जरूर सांगावं.