कॅसिनोचं कार्ड : आवळा केवढा, कोहळा केवढा?

सांगलीचा_वाटसरू

दिवाळीनंतर आम्ही चौघे मित्र गाडी काढून गोव्याला गेलो होतो. पणजीच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने कॅसिनोच्या जहाजावर. मी पाचेक तास अंदर-बाहर (उघड्या पत्त्याची जोडी 'अंदर' पडते की 'बाहर' यावर पैज) खेळलो, डावाला पाचशे रुपये. चिप्स, म्हणजे खेळायची टोकनं, वीस हजारांच्या घेतल्या होत्या, उठताना साडेअकरा हजार उरले. जेवण आणि पिणं पॅकेजात. निघताना काउंटरवरच्या मुलीने सभासद कार्ड करून हातात ठेवलं. परवा तिथून फोन आला: "सर, महिनाअखेरीपर्यंत या, दोन रात्रींची रूम आमच्याकडून." आणखी थोडे पॉइंट झाले की म्हणे वरच्या रंगाचं कार्ड.

माझं मत सरळ आहे. वर्षातून एक-दोनदा आम्ही जाणारच. मग जे देतायत ते का सोडायचं? पेट्रोल पंपाचे पॉइंट जमवतो, विमानाचे मैल जमवतो, तसंच हे. मेव्हणा म्हणतो मी येडा आहे.

दुसरं असं की कुठला कॅसिनो सभासदांना जास्त देतो हे नेटवर शोधायला गेलो, तर ढीगभर साइट निघाल्या आणि सगळीकडे सगळ्यांना साडेचार तारे. खरी माहिती मिळते कुठे?

(उपदेश नको, तो घरात मिळतोय.)

शाळामास्तर

युधिष्ठिरालाही बोलावणंच आलं होतं. राहायची सोय त्यांच्याकडूनच होती.

आकडेमोड्या

मास्तर, द्यूतपर्व येणार हे माहीतच होतं, पण दुसऱ्याच प्रतिसादात!

वाटसरू, पंपाची तुलना लंगडी आहे. पेट्रोल तुम्हाला लागतंच. पॉइंट नसते तरी तेवढंच भरलं असतं. इथे पॉइंट मिळवायला जे भरायचं तोच माल. तरी हिशोब करून बघू, कारण आवळा देऊन कोहळा काढतात असं सगळेच म्हणतात, वजन कुणी करत नाही.

अंदर-बाहरमध्ये पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो ती बाजू साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणून नेहमीच्या नियमात तिथे शंभराला नव्वदच देतात, दुसऱ्या बाजूला शंभराला शंभर. पहिल्या बाजूवर कॅसिनोचा वाटा, म्हणजे हाउस एज, २.१५ टक्के बसतो आणि दुसऱ्या बाजूवर ३ टक्के. तासाला चाळीस डाव धरा. पाच तासांत दोनशे डाव, म्हणजे एक लाखाची उलाढाल. त्यावर कॅसिनोची अपेक्षित कमाई दोन ते तीन हजार. तुम्ही साडेआठ हजार घालवले ते त्या रात्रीचं नशीब. कार्डाच्या हिशोबात ते धरत नाहीत. टेबलामागे उभा असलेला सुपरवायझर तुमचा सरासरी डाव आणि बसलेला वेळ टिपतो, त्यावरून ही अपेक्षित कमाई काढतात, आणि तिच्यातला साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा रूम, जेवण, सवलत अशा रूपात परत करायचा, असा या धंद्यातला ढोबळ रिवाज. म्हणजे तुमचा आवळा पाचशे ते हजार रुपयांचा.

आता कोहळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के आहे, आधी २८ होता. तो कॅसिनोच्या नफ्यावर लागत नाही, तुम्ही चिप्स घ्यायला जे पैसे देता त्यावर लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर पुन्हा लागत नाही, एवढाच दिलासा. वीस हजारांच्या चिप्सवर आठ हजार कर. तो बिलावर वेगळा दिसतो की पॅकेजात मुरवलेला असतो ते पावतीवर बघा. ज्या खेळात तुमच्याकडून अडीच हजारांची अपेक्षा आहे तिथे आठ हजारांचा कर, आणि आपण चर्चा करतोय पाचशेच्या रूमची.

जर्सीकर

हिशोब मान्य, निष्कर्ष अमान्य.

मी न्यू जर्सीत आहे, अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत महिन्यातून एकदा जातो, पंधरा वर्षं कार्ड वापरतोय. कार्ड म्हटलं की लगेच 'सापळा' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अहो, कार्ड घातलं म्हणून यंत्राचा निकाल बदलत नाही आणि पॉइंट लावलेल्या रकमेवर मिळतात, जिंकलात तरी मिळतात. जो माणूस नाहीतरी खेळणार आहे त्याने कार्ड न वापरणं म्हणजे दुकानदाराने दिलेली सुटी चिल्लर काउंटरवर सोडून येणं.

उदाहरण सीझर्स या इथल्या कॅसिनो कंपनीचं देतो, कारण त्यांचे नियम छापलेले आहेत. स्लॉट मशीनवर (चित्रांची चक्रं फिरवायचं यंत्र) ५ डॉलर लावले की एक क्रेडिट, म्हणजे त्यांचा पॉइंट, व्हिडिओ पोकरवर (यंत्रावरचा पत्त्यांचा खेळ) १० डॉलरला एक. शंभर क्रेडिट म्हणजे एक डॉलर. डायमंड या वरच्या दर्जाच्या कार्डाला वर्षात १५,००० क्रेडिट लागतात. स्लॉटवर त्यासाठी ७५,००० डॉलर फिरवावे लागतील. यंत्र आठ-नऊ टक्के ठेवतं असं धरलं तर सहा-सात हजार डॉलर गेले. हा मूर्खपणा, कबूल. पण मी व्हिडिओ पोकर खेळतो. ज्या यंत्राच्या काचेवर पत्त्यांच्या जुळण्यांपैकी फुल हाउसला ९ पट आणि फ्लशला ६ पट लिहिलंय ते नीट खेळलं तर ९९.५४ टक्के परत देतं. दीड लाख डॉलर फिरवले तरी अपेक्षित तोटा सातशेच्या आत. त्यात वर्षभराचं पार्किंग, रांगेत न थांबणं, मधल्या वारांना खोल्या. दिवसाचे बोनस क्रेडिट धरले तर आणखी स्वस्त. माझ्या मते हा व्यवहार चांगला आहे.

आकडेमोड्या

किती तासांत?

जर्सीकर

म्हणजे?

आकडेमोड्या

सव्वा डॉलरचा एक डाव, तासाला सहाशे डाव, म्हणजे तासाला साडेसातशे डॉलर फिरतात. दीड लाखाला दोनशे तास. आठ तासांचे पंचवीस दिवस, बिनपगारी, वर सातशे डॉलर आपलेच. पार्किंग महाग आहे हो तुमच्याकडे!

आणि दिवसाचे बोनस क्रेडिट तुम्ही सहज बोलून गेलात. ते एकाच दिवसात ठरावीक आकड्यापुढे गेलं की मिळतात. तेच क्रेडिट चार महिन्यांत सावकाश जमवणाऱ्याला काही नाही, एका दिवसात उरकणाऱ्याला बक्षीस. रात्री अकराला माणूस घरी जायला उठतो आणि मनाशी म्हणतो, 'अजून तीनशे क्रेडिट, मग बोनस.' निकाल बदलत नाही हे खरंच आहे. बसण्याची वेळ बदलते, आणि मी सगळा हिशोब वेळ धरूनच केलाय.

जर्सीकर

दोनशे तास मला आवडतात. क्रिकेट बघण्यात घालवले असते तर कुणी विचारलं नसतं. बोनसचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्या नादात मी एकदा पहाटे चारपर्यंत बसलोय. लपवत नाही.

पूर्वीचा_लेखणीबहाद्दर

वाटसरूंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. त्याचं उत्तर मी देतो, कारण ते साडेचार तारे द्यायचं काम मी दीड वर्ष केलंय.

पुण्यात कर्वेनगरमध्ये भाड्याच्या खोलीत बसून मी परदेशी ऑनलाइन कॅसिनोंची 'निष्पक्ष परीक्षणं' लिहायचो. शब्दाला साठ पैसे. तोवर मी कॅसिनो सिनेमातसुद्धा धड बघितला नव्हता. एक तक्ता यायचा: नाव, बोनस, लॉयल्टीच्या (सभासद कार्डाच्या) पायऱ्या, आणि शेवटच्या रकान्यात तारे आधीच भरलेले. मी ताऱ्यांना साजेशी वाक्यं लिहायची. 'दोष' या सदरात दोन ओळी सक्तीच्या, पण त्या निरुपद्रवी हव्यात. 'काही खेळ काही देशांत उपलब्ध नाहीत' हे माझं ठरलेलं वाक्य. मी ते किती वेळा लिहिलं असेल!

पैसा कुठून यायचा तर साइटवरच्या दुव्यावरून गेलेला माणूस जेवढं हरेल त्यातून पंचवीस ते चाळीस टक्के साइटला. एकदाच नाही, तो हरत राहील तोवर. म्हणजे परीक्षण लिहिणारा तुमच्या हरण्यातला भागीदार. अशा माणसाला लॉयल्टी कार्यक्रम वाईट कसा दिसेल? कार्यक्रम माणसाला जितका चिकटवून ठेवील तितके तारे जास्त.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणली आहे, त्यामुळे त्या साइटचं आपल्यापुरतं काही मोलच नाही. जहाजाच्या नावाने शोधलं तरी त्याच साइट मधे घुसतात, म्हणून सांगितलं.

जर्सीकर

सगळ्यांना एका दोरीत बांधू नका. विझार्ड ऑफ ऑड्स ही साइट घ्या. मायकेल शॅकलफर्ड नावाच्या विमागणितीने ती उभी केली, आणि आकडेमोड्यांनी वर दिलेले अंदर-बाहरचे आकडे पैजेवर सांगतो तिथेही तेच सापडतील.

पूर्वीचा_लेखणीबहाद्दर

सापडतील. ती साइट २०१४ मध्ये अशाच कमिशनवर चालणाऱ्या कंपनीने विकत घेतली हेही सांगा. गणिताची पानं आजही चोख आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ५१.५ चा आकडा वाचायला गेलेल्या माणसाला शेजारी काय दिसतं तेही बघा.

आकडेमोड्या

हे आकडे मी घरी ५२ पत्त्यांवर स्वतः काढलेत, मला साइटचा भक्त करू नका.

माहिती कुठे मिळते म्हणाल, तर जिथे खोटं लिहिल्यास शिक्षा आहे तिथे. अमेरिकेत नेवाडा राज्याचं गेमिंग कंट्रोल बोर्ड (कॅसिनोंवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) दर महिन्याला खेळवार आकडे छापतं. तेही वाचता यायला हवेत. दोन शून्यांच्या रुलेटवर (आकड्यांच्या चाकावर गोळी फिरवायचा खेळ) हाउस एज ५.२६ टक्के, पण त्या तक्त्यात टेबलाने राखलेली टक्केवारी पंधराच्या वर दिसते, आणि मग लोक ओरडतात की फसवणूक आहे. फसवणूक नाही. शंभर डॉलर घेऊन बसलेला माणूस तेच शंभर तीन-चारदा फिरवतो, दर फेरीला पाच जातात. आपल्याकडे मांडवीतली काही जहाजं चालवणारी डेल्टा कॉर्प शेअर बाजारात आहे, तिचा वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतो. ग्राहकाला ती 'पाहुणा' म्हणते, भागधारकाला कमाई सांगते. दुसरं वाचा.

आणि हे कार्ड मुळात कुणासाठी? हॅराज या अमेरिकन कॅसिनो कंपनीने १९९७ मध्ये देशभराच्या कॅसिनोंत चालणारं एकच कार्ड काढलं. पुढच्या वर्षी हार्वर्डचे प्राध्यापक गॅरी लव्हमन तिथे गेले आणि त्यांनी त्या कार्डाच्या नोंदी चाळल्या. त्यांनीच २००३ मध्ये लिहिलंय की २६ टक्के ग्राहकांकडून ८२ टक्के उत्पन्न येत होतं, आणि ते सोन्याच्या साखळ्यांतले शेठ नव्हते. मध्यमवयीन आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, कारखान्यातले कामगार. मास्तर, सांभाळा.

शाळामास्तर

माझी पेन्शन औषधांत जाते. तिथेही कार्ड आहे.

मांडवीकाठी

मी पणजीची. बांदोडकर मार्गावरून रोज ऑफिसला जाते, तुमच्या बोटी सुटतात त्याच रस्त्याने. एक गंमत सांगते. १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हां गोंयकारांना त्या जहाजांवर खेळायला बंदी आहे. सरकारनेच घातली. आमच्या पोरांसाठी वाईट असलेली गोष्ट सांगली-बेळगावच्या पोरांसाठी मात्र पर्यटन. नदी आमची, करही आमच्या तिजोरीत येतो, म्हणून मी फार तोंड वर करून बोलत नाही.

पण फोनबद्दल बोलते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा भाऊ तिकडे कॅसिनोत होस्ट, म्हणजे गिऱ्हाइकांशी संपर्क ठेवणारा, होता, कुठे ते सांगत नाही. त्याच्याकडे यादी असायची: कोण, कधी आला, किती वेळ बसला, काय पितो, मुलीचं नाव काय. पंचेचाळीस दिवस कुणी आला नाही की नाव लाल व्हायचं आणि फोन लावायचा. "सर, मुलीची दहावी झाली का?" त्याला खरंच आठवायचं नाही, पडद्यावर असायचं. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याला त्याने असे सात-आठ फोन केले. नंतर त्या माणसाच्या बायकोचा उलटा फोन आला. काय बोलली ते त्याने सांगितलं नाही, पण नोकरी सोडून आता म्हापशाला मोबाइलचं दुकान चालवतो.

वाटसरू, तुम्ही 'जाणारच' म्हणता. फोन यायच्या आधी या महिन्यात जाणार होता का?

सांगलीचा_वाटसरू

नव्हतो. पुढच्या दिवाळीत ठरलं होतं.

पावती शोधली. आकडेमोड्या म्हणाले तशी कराची ओळ आहे, मी वाचलीच नव्हती. जर्सीकरांचं 'जिंकलो तरी पॉइंट' मला अजून पटतं, पण दोनशे तास माझ्याकडे नाहीत. दुकान आहे.

ही सगळी चर्चा आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकली. दोघे म्हणतात रूम फुकट आहे, जाऊन नुसतं बसू, खेळायचं नाही. तिसरा म्हणतो, खेळायचं नसेल तर बायकांना घेऊन मालवणला जाऊ. गाडी माझी, आणि या वेळचं डिझेल कुणी भरायचं यावर कालपासून कुणीच काही लिहिलेलं नाही.