मदत हवी आहे : सहकारी साखर कारखान्याची निवडणूक आणि उसाचं बिल यांचा संबंध कसा तपासू?

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. राजकीय संस्था जशा असतात तसा विकास होतो, या विषयावरच्या संशोधनाला २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते वाचताना मला सारखा आमचा ऊसच आठवत होता.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. गाळपाला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कायदा सगळ्यांना एकच, पाणीही कृष्णेचंच. तरी दुसऱ्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या माझ्या मामांचं बिल वेळेवर जमा होतं आणि आमचं रखडतं. गेल्या वर्षी वडील वजनाच्या पावत्या पिशवीत घालून तीनदा हेलपाटे मारून आले, सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र चालूच होतं. कारखान्यानं उशिराबद्दल द्यायच्या व्याजाचा तर कुणी विषयसुद्धा काढत नाही.

माझा अंदाज असा, की संचालक मंडळ वर्षानुवर्षं बिनविरोध येतं तिथं सभासदाला कुणी विचारत नाही. चुरशीची निवडणूक होते तिथं बिल लवकर निघतं. पण हे उलटंही असू शकेल : बिलं वेळेवर मिळतात म्हणूनच कुणी विरोधात उभं राहत नसेल. हे वेगळं कसं काढायचं, इथंच मी अडकलेय.

सांगली-साताऱ्यातल्या कारखान्यांचे जुने वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग (दर्जा), निवडणुकांचे निकाल कुठं बघायला मिळतील? कुणाच्या घरी सभेचे अहवाल जपून ठेवले असतील तर मी येऊन फोटो काढून घेईन.