अंग बाहेर येणं: पिशवी काढली की प्रश्न मिटला?

सातारची_सून
सासूबाई, वय 63. वर्षभर कुणाला काही बोलल्या नाहीत. एकदा मोरीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, लघवीला बसायच्या आधी बोटांनी गोळा आत ढकलत होत्या. मग म्हणाल्या, "अंग बाहेर येतंय गं." डॉक्टर म्हणतात पिशवी काढू, कटकट मिटेल. माझ्या मावशीची 2011 साली अशीच काढली, आठ वर्षांत गोळा परत खाली. माझं मत: पिशवी ठेवून वर बांधावी. काढायची घाई नको.

देवदत्त
असहमत. 63 व्या वर्षी पिशवी हवीय कशाला? उद्या कॅन्सर निघाला तर? एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावा.

ओपीडीतून
कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या की काय होतं ते बीडमध्ये पाहिलंय आपण. ते असो. पिशवी खाली येते कारण तिला धरणारे बंध सैल पडतात. ती काढली तरी सैलपणा तिथेच, मग योनीचा माथा उतरतो. नेदरलँड्समध्ये 4 रुग्णालयांत काही बायकांची पिशवी काढली, काहींची ठेवून ओटीपोटात मागे असलेल्या सॅक्रोस्पायनस नावाच्या बंधाला टाक्यांनी बांधली. 5 वर्षांनी वरचा भाग त्रास होईल इतका उतरला किंवा पुन्हा ऑपरेशन लागलं, अशा काढलेल्यांत 7.8%, ठेवलेल्यांत 1%. आणि हे काही परदेशी खूळ नाही. मुंबईत पुरंदरे आणि शिरोडकर (हो, गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला टाका घालायचे तेच) यांनी पट्टीने पिशवी वर बांधायच्या पद्धती कधीच बसवल्या होत्या, मुख्यतः तरुण बायकांसाठी.

देवदत्त
1% फक्त वरच्या भागाचा. पुढची भिंत, मूत्राशयाची बाजू, तिचं काय? अमेरिकेतल्या ऑप्टिमल चाचणीत याच सॅक्रोस्पायनसच्या गटात 5 वर्षांनी 70.3% अपयश आहे. वाचतो हो आम्हीही.

ओपीडीतून
पुढच्या भिंतीचं मान्य, ती उतरतेच बऱ्याचदा. पण ऑप्टिमलमध्ये पिशवी ठेवलेली नव्हती, माथा बांधला होता. तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या बांधायच्या पद्धतीतही अपयश 61.5% होतेच. आणि तपासणीत थोडं उतरलेलं दिसलं तरी ते अपयशात धरलंय. पुन्हा उपचार लागले ते दहाच्या आसपास टक्क्यांना.

निशिगंध
म्हणजे बाकीच्या खूश? त्याच चाचणीत चाळीसेक टक्के बायकांना गोळा परत जाणवत होता. माझ्या आईचंही तसंच झालं. परत टेबलावर जायला नाही म्हणाली, म्हणून हिशेबात ती 'पुन्हा उपचार नाही'.

ओपीडीतून
खरंय. हे मी खोडू शकत नाही.

कट्टेकरी
आधाराला जाळी घालतात ना हल्ली?

ओपीडीतून
योनीतून घालायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेत एप्रिल 2019 मध्ये थांबवायला लावली. पोटातून माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधायची जाळी अजून आहे, टिकतेही बरी. पण तिथेही 7 वर्षांत सुमारे 10.5% बायकांत जाळी किंवा टाका योनीत उघडा पडला होता. सासूबाईंना आधी रिंग बसवून पाहा ना, योनीत राहून गोळा वर धरते. साबणाने धुऊन परत घालता येते, शिकवतात.

देवदत्त
रिंग! दुसऱ्या एका डच चाचणीत रिंगवाल्या निम्म्याहून जास्त बायका 2 वर्षांत ऑपरेशनकडे गेल्या.

सातारची_सून
आणि बाकीच्यांचं ऑपरेशन टळलं. सासूबाईंचा एकच प्रश्न होता, खाली बसून भाकरी थापता येईल का. मंगळवारी रिंग बसवायला जातोय.